तीनदा साठवणारे अण्णा

आमच्या बेलापुरात टायपिंग सेंटर चालवणारे अण्णा कोणताही मजकूर एकदाच साठवत नसत. एक प्रत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, एक जुन्या आवृत्तीत आणि तिसरी अगदी साधी, जिच्यात ना चौकट ना ठळक अक्षरं. फॉन्टची फ्लॉपी सोबत वेगळी. नवा संगणक घेतला तरी त्यांनी जुने दोन विकले नाहीत, तिन्ही शेजारी शेजारी मांडले. म्हणायचे, "आपल्याकडं उघडली म्हंजी काय झालं? समोरच्याकडं उघडली पायजे."

मला आकडेमोडीची खोड. तीन प्रतींमुळे फ्लॉपीची दोन तृतीयांश जागा फुकट जाते, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला. "बरोबर हाय, सेक्रेटरी," म्हणाले आणि माझ्यासमोरच तिसरी प्रत साठवली.

सेक्रेटरी म्हणजे गावच्या वाचनालयाचा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वाचनालयाचा दर्जा वाढवून मिळायचा होता आणि नगरच्या कार्यालयाला पुस्तकांची यादी फ्लॉपीवर हवी होती. ती मी घरच्या नव्याकोऱ्या संगणकावर स्वतः टाइप केली. पुस्तकं दोन हजार तीनशे चौदा. त्या कामात अकरा संध्याकाळी निव्वळ दुहेरी चौकटी आखण्यात गेल्या. अण्णांना विचारण्याची गरज वाटली नाही.

नगरच्या कारकुनाने फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकोन आणि फुल्या.

"ही कुठली भाषा म्हनायची?"

"माझी आवृत्ती नवी आहे," मी समजावलं.

"मग आमी जुने, आमाला वाचता येईल असं आना. उद्या दुपारपर्यंत. न्हाईतर पुढल्या वर्षी."

चार वाजता एसटीतून उतरलो तो थेट अण्णांकडे. ते टोमणा मारणार म्हणून वाटेत दोन उत्तरं तयार ठेवली होती. अण्णांनी एवढंच विचारलं, "त्यांच्याकडं कोनती आवृत्ती हाय?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"असू द्या. तिन्ही देऊ."

त्यांनी यादी जुन्या आवृत्तीत उतरवली, मग साधी केली. फ्लॉपी सगळ्यात जुन्या संगणकावर नेऊन उघडून पाहिली आणि माझ्या छापील कागदाशी ओळ न् ओळ ताडली. साध्या प्रतीत माझ्या चौकटी गेल्या. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं.

"चौकट गेली, पुस्तकं ऱ्हायली. घ्या मोजून."

मी खरंच मोजली. दोन हजार तीनशे चौदा.

दुसऱ्या दिवशी नगरला उघडली ती तिसरी प्रत. कारकून खूश. "लई सुटसुटीत काम हाय. कुनी केलं?"

"मीच," मी म्हणालो.

दर्जा वाढला. वार्षिक सभेत यादीबद्दल माझं अभिनंदन झालं. अण्णांनीही टाळ्या वाजवल्या. सभेचं इतिवृत्त मीच लिहीत असल्याने त्यात माझं नाव बिनचूक आलं.

पुढे सेंटर बंद करून अण्णा मुलीकडे जामखेडला निघाले. स्टँडवर त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेलो आणि गाडी कुठे किती वेळ थांबते ते सांगत बसलो. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "यादी उघडती ना अजून?"

"उघडते."

"मंग झालं."

ती शेवटची भेट. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

मंजूर झालेल्या इतिवृत्तात नंतर खाडाखोड करता येत नाही, तो नियम मीच केलेला आहे. म्हणून इथे नोंदवतो: ती यादी टाइप मी केली, उघडण्याजोगी अण्णांनी केली.