हिरवं कार्ड

खेळाचं नाव लिहीत नाही. आमच्या खेळाची दुनिया एवढीशी, की नाव घेतलं तर पुढची सगळी माणसं कुणीही बोट ठेवून दाखवेल. आणि मला बोट ठेवायचंय ते फक्त माझ्यावर.

नाशिक रोडच्या एका शाळेत मी तीस वर्षं पीटी शिकवली. जोडीला जिल्हा संघटनेची सचिव झाले, मग राज्याची, मग राष्ट्रीय महासंघाची सहसचिव. गळ्यात शिट्टी होती तोवर मी बरी बाई होते. हातात फाइल आली आणि सभांची सवय लागली. आमच्या जिल्ह्याची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून तयार असतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं आदल्या दिवशी ठरलेलं. अध्यक्ष विषय वाचतात, ‘मंजूर?’ विचारतात, सगळे हात वर करून ‘मंजूर!’ म्हणतात, तोवर मागून मिसळीचा वास यायला लागतो. ते इतिवृत्त मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, देव जाणे.

गेल्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाची सर्वसाधारण सभा परदेशात होती. आमच्या राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते म्हणाले, “बाई, प्रतिनिधी म्हणून तुम्हीच जाऊन या.” मी हवेतच! पिंपळगाव बसवंतचे आमचे एक जुने सभासद मनुक्यांची पाकिटं घेऊन घरी आले आणि म्हणाले, “बाई, तिकडं बी हातच वर करायचा ना? मग काय, लय सोप्पं हाय!” आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

तिकडचा थाट मात्र वेगळाच. देशांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या रांगा, प्रत्येकासमोर माइक, होकाराचं एक हिरवं कार्ड, नकाराचं एक लाल. आधी देशवार हजेरी. देश केवढाही असो, मत एकच. आपल्या एवढ्या मोठ्या देशाचं एक आणि चिमूटभर बेटाचंही एक. महासंघाची घटना, म्हणजे नियमांची पुस्तिका, मी विमानात चक्क अधोरेखित करत वाचली होती. एखाद्या सभासद देशाला निलंबित करायचं तर त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं लागतं. मग दोन तृतीयांश मतं लागतात. आणि निकाल जाहीर होईपर्यंत कुणालाही उभं राहून आपलं मत दुरुस्त करता येतं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी चहाच्या टेबलावर ती भेटली. अशाच एका बेटाची प्रतिनिधी, माझ्यासारखीच शाळेतली बाई, माझ्याच वयाची. दोघींचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे गट्टी लगेच जमली. तिच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे शाळेतली एक खोली. वादळात ती खोली गेली, कागद गेले, अर्धी माणसं दुसऱ्या बेटावर राहायला गेली. त्यात संघटनेची निवडणूक मुदतीत झाली नाही. घटनेप्रमाणे एवढं कारण निलंबनाला पुरतं, आणि कार्यकारिणीने तसा ठराव मांडलाही होता. ठराव झाला तर तिच्या सहा मुलींना ज्युनियर स्पर्धेत उतरता येणार नव्हतं. तिला फक्त सहा महिने हवे होते. तिने मोबाइलवर मला सहाही मुली दाखवल्या, एकेकीचं नाव घेऊन. मग विचारलं, “तुमचं मत मिळेल?”

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हटलं, “म्हणजे काय! अजिबात काळजी करू नका.” वर मनुक्यांचं एक पाकीटही दिलं.

दुसऱ्या दिवशी सभा सुरू व्हायच्या आधी आमच्या खंडाच्या गटाचे एक गृहस्थ रांगेतून फिरून गेले. सगळ्यांच्या कानात एकच, कार्यकारिणीच्या ठरावांना हिरवं कार्ड. मीही मान डोलावली. त्या क्षणी तिचा ठराव मनात आला नाही, असं लिहायला फार बरं वाटलं असतं. पण आला होता. म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा.

नववा विषय तिचा. ती तीन मिनिटं बोलली, कागद न बघता, आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. सभेच्या अध्यक्षांनी ठराव वाचला, शेवटी आवाज जरा चढवून विचारलं. आणि माझा हात वर गेला. हातात हिरवं कार्ड. आसपासचे वर गेले, व्यासपीठावरून विचारलं गेलं, गेला हात! इतक्या वर्षांची सवय. क्षणभर तर मला मिसळीचा वाससुद्धा आल्यासारखं वाटलं.

मग कळलं, आपण काय केलं ते.

मोजणारे रांगेरांगेने फिरत होते. समोर माइक होता, त्याचं बटण माझ्या करंगळीपासून वीतभर अंतरावर. दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य पर्समध्ये होतं. उभं राहायचं आणि म्हणायचं, माझं मत चुकलं. बस्स. पण मी काय विचार केला? इंग्रजी अडखळेल. सगळे वळून बघतील. देशाचं हसं होईल. आमच्या अध्यक्षांच्या कानावर जाईल आणि पुढच्या वेळी मला पाठवणार नाहीत. त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. हात चुकून वर गेला होता, पण वर ठेवला तो मी.

ठराव अगदी काठावर मंजूर झाला. एक मत कमी पडतं तर पडला असता. सभेच्या एका स्वयंसेवक मुलीने येऊन तिच्या देशाची पाटी उचलून नेली, कारण निलंबित सभासदाला सभागृहात बसता येत नाही. ती आपली पिशवी घेऊन बाहेर गेली.

जेवणाच्या वेळी ती टेबलं ओलांडत थेट माझ्याकडे आली. माझा हात धरला आणि म्हणाली, “थँक यू. तुम्ही माझ्या बाजूने होतात.” ती पुढे बसली होती, मी मागे. मला वाटलं, तिने पाहिलंच नाही. सुटले! हो, हाच शब्द मनात आला. मी म्हटलं, “इट्स ओके.” आणि ती गेल्यावर ताटातलं पुडिंग संपवलं. शी! आजही आठवलं की मान वर करवत नाही.

नाशिकला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. मी भाषण ठोकलं, लहान देशाला मोठ्याइतकंच मत, हीच त्या सभेची थोरवी वगैरे. टाळ्या पडल्या. तोंड वर करून बोलले मी हे.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. पत्र्याच्या शेडखाली त्यांनी निवडणूक पार पाडली होती. निलंबन उठवायचा अर्ज तयार होता, पण घटनेप्रमाणे त्यावर एका सभासद देशाची सूचक म्हणून सही लागते. ‘तुम्ही द्याल?’ सोबत फोटो होता, सहा मुलींचा. खाली लिहिलं होतं, दोघी आता ज्युनियरच्या वयात बसत नाहीत, त्या नुसत्या उभ्या आहेत. यंदाच्या स्पर्धेसाठी अर्ज द्यायला चार दिवस उरले होते.

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन बसले आणि लिहून टाकलं, ‘तुमच्या विरोधात मत दिलेल्यांत मी होते. मला दुरुस्त करता येत होतं. मी केलं नाही.’ वाटलं, आता जरा हलकं वाटेल. कसलं काय!

लगेच उत्तर आलं. ‘माहीत आहे. मी वळून पाहिलं होतं. मला शब्द देऊन हिरवं कार्ड वर केलेल्या तिघांना मी जेवताना मुद्दाम थँक यू म्हटलं. दोघांनी हसून पाठ थोपटली. तुम्हाला हसता आलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारलं.’

मी तिथून उठले, तिने पाठवलेला अर्ज वाटेत छापून घेतला आणि रिक्षाने थेट अध्यक्षांच्या घरी गेले. ते म्हणाले, “बाई, कशाला भानगडीत पडता? पुढच्या महिन्यात सभेत घेऊ, मंजूर करून टाकू.”

“नाही साहेब,” मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात त्या मुलींची स्पर्धा गेलेली असेल. आज सही करा.” माझा आवाज चढला होता. त्यांनी चष्मा चढवला, अर्ज वाचला. मग त्यांनी सही केली.

त्यांच्या सहीच्या वर प्रतिनिधीची जागा होती. ‘सूचक’ या शब्दापुढे मी माझं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.