श्रीवर्धनपर्यंत चावी बाबांकडे

पनवेलहून श्रीवर्धनला माणगावमार्गे गेलं, तर सकाळी निघून जेवायला पोचता येतं. आम्हाला दोन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ आम्ही गॅरेजबाहेरच्या बाकड्यांवर काढला. त्यामुळे या लेखात समुद्राचे फोटो कमी आणि टायरांचे जास्त आहेत. आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको.

झालं असं, की दिवाळीनंतर बाबांनी सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासली. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस. गाडी लावताना आधी कोन बघणार, मग मागे घेणार. त्यांच्या हातून खांबाला गाडी लागली म्हटल्यावर माझ्या भावाने, मंदारने, बंगळुरूहून फोनवरच निकाल दिला, "शुभा, चावी काढून घे." आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी दोन दिवस शब्द जुळवत होते. तिसऱ्या दिवशी बाबांनीच चहा पिताना विषय काढला. "एक ट्रिप करू. किनाऱ्या-किनाऱ्याने श्रीवर्धन. जाताना गाडी मी चालवणार. माझ्या चुकीने काही झालं तर चावी तुझी. नाही झालं तर हा विषय पुन्हा घरात निघता कामा नये." मी हो म्हटलं. मंदारनेही हो म्हटलं, कारण काहीतरी होणारच याची त्याला खात्री होती.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. पेणपर्यंत रस्ता उत्तम. वडखळला गरम वडापाव खाल्ला आणि अलिबागच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे नशिबाचा खेळ आहे. एक किलोमीटर लोण्यासारखा, पुढचा दात खिळखिळे करणारा. बाबा खड्डे इतके हळुवार चुकवत होते, की मी मनातल्या मनात मंदारचा निकाल फिरवायला घेतला होता. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्या आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. उतरून बघितलं, तर पुढचा उजवा टायर बसलेला.

शंभर पावलांवर पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, आंब्याच्या झाडाला टांगलेला एक जुना टायर, खाली कॉम्प्रेसर आणि शेजारी स्टुलावर वाटाणे सोलत बसलेल्या एक वैनी. त्यांचे यजमान अलिबागला गेले होते. "ते नसले तं काय झाला?" म्हणत वैनींनी पदर खोचला, स्वतः जॅक लावला आणि टायरवर साबणाचं पाणी फिरवलं. बुडबुडे आले तिथून दोन बोटं लांब खिळा काढला.

"मंडपाचा खिला हाय," त्या म्हणाल्या. "काल तिकडं लगीन झाला. सकालपासून तुमची तिसरी गाडी."

बाबांनी लगेच मुद्द्याला हात घातला. "म्हणजे यात चालवणाऱ्याची काही चूक नाही ना?"

"चूक नवरदेवाची," वैनी म्हणाल्या, आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसण्याआधी जिभेवर बोट ओलं करून व्हॉल्व्हवर टेकवलं. बुडबुडा आला नाही. त्यांच्या दृष्टीने काम संपलं. शंभर रुपये, पंधरा मिनिटं आणि वर ताज्या वाटाण्यांचे मूठभर दाणे. बाबा पुढचा अर्धा तास "नवरदेवाची" असं म्हणून हसत होते. मंदारला मी तसंच कळवलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदला थांबलो. पुळणीत गाडी घालू नका, हे लिहायला नकोच, तरी आम्ही किनाऱ्याच्या कडेला वाळूत लावली होती. संध्याकाळी मुरुडला लॉजवर पोचल्यावर बाबांनी नळी मागून चारही चाकं स्वच्छ धुतली, गाडी पोफळींच्या सावलीत लावली आणि शिस्तीत हँडब्रेक करकचून ओढला. लॉज साधं होतं, स्वच्छ होतं. जेवणात सुरमईचा तुकडा ताटाबाहेर आला होता. समुद्राचा आवाज खोलीत येत होता आणि मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवारी सकाळी गाडी जागची हलेना. इंजिन चालू, गियर पडतोय, हँडब्रेक खाली, आणि मागची चाकं खिळल्यासारखी. बाबांनी जोर दिला तसा जळका वास यायला लागला. मी म्हटलं, बंद करा. त्यांचा चेहरा पडला होता. लॉजच्या मालकांनी फोन केला आणि स्कूटरवरून सलीमभाई आले, पन्नाशीचे, पांढरी दाढी, खिशात पाना. गाडीकडे न बघता त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"रात्री हँडब्रेक खेचला होता काय?"

"नेहमी ओढतो," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं."

"घाटावर चालतो काका. हितं खारी हवा. वर तुम्ही चाकं धुतली. रात्रीत ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटला." सलीमभाईंनी हातोडीने मागच्या ड्रमवर कडेने ठोके द्यायला सुरुवात केली. सातव्या-आठव्या ठोक्याला खट्ट झालं आणि चाक सुटलं. "आमच्याकडं कोणीच हँडब्रेक लावत नाय. गाडी गियरला टाकायची, चाकाला दगड लावायचा."

आजूबाजूला बघितलं, तर खरंच. लॉजच्या आवारातल्या प्रत्येक स्थानिक गाडीच्या चाकाशी एकेक दगड होता आणि एकीला तर चक्क सुकलेला नारळ. किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्यांनी हे लिहून घ्या.

ड्रम उघडून साफ करायला गाडी त्यांच्या गॅरेजवर नेली. काम अर्धं झालं आणि सलीमभाई हात धुवायला लागले. "जुम्मा आहे. नमाज पढून येतो. कोणी आला तर सांगा, दोननंतर." गॅरेज उघडं, हत्यारं पसरलेली, आणि जबाबदारी कोणावर? ओळख होऊन जेमतेम दोन तास झालेल्या आमच्यावर. मी अवघडले. बाबा मात्र खुर्ची ओढून ऐटीत बसले. तासाभरात चौघे आले. बाबांनी चौघांची नावं पुठ्ठ्यावर क्रमाने लिहिली, गाडीला काय होतंय ते पुढे लिहिलं, आणि नंबर सोडून पुढे घुसू पाहणाऱ्या एका रिक्षावाल्याला शाळेतल्या आवाजात "रांगेत या" म्हणून सांगितलं. तो आलासुद्धा! परत आल्यावर सलीमभाईंनी पुठ्ठा वाचला आणि तो तसाच खिळ्याला अडकवला. "काका, दर शुक्रवारी या," ते म्हणाले.

आता याला चूक म्हणायचं का? मंदार फोनवर म्हणाला, "अर्थात." सलीमभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, शहरातल्या तरण्या पोरांचंही हेच होतं. मी निकाल राखून ठेवला. खरं सांगायचं तर मला बाबांनी जिंकायला हवं होतं.

आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी बोट आहे. शनिवार-रविवारी रांग असते, शुक्रवारी दुपारी आम्ही थेट चढलो. पलीकडे उतरून दिवेआगर, आणि तिथून श्रीवर्धनपर्यंतचा समुद्राला चिकटलेला रस्ता. या रस्त्यासाठी अख्खी ट्रिप करावी. उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर, मध्ये आपण. बाबा गुणगुणत होते. एका वस्तीत रस्ता अरुंद झाला, समोरून एसटी आली. बाबांनी गाडी डावीकडे घेतली आणि मोरीच्या दगडावर डावा टायर धप्पकन आदळला. एसटी निघून गेली. उतरून बघितलं, तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता.

तो टायर काढून डिकीतला लावला आणि श्रीवर्धनला मुक्कामाला गेलो. बाबा जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले.

शनिवारी सकाळी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार विलासदादा, चाळिशीचे, शांत माणूस. आमच्या मापाचा टायर त्यांच्याकडे नव्हता, तो माणगावहून एसटीत टाकून यायचा होता. तोवर रिकामं कशाला बसायचं, म्हणून त्यांनी बाकीचीही चाकं काढली आणि पाचही टायर भिंतीला ओळीने टेकवले. मग उकिडवे बसून एकेकावरून तळहात फिरवत गेले. बराच वेळ.

"ताई, गाडी कोण चालवतं?"

"बाबा."

"उजव्या बाजूचे टायर बघा. नव्यासारखे. खड्ड्यात पण घातलेले न्हायत, एवढा सांभाळून चालवणारा माणूस." त्यांनी डावे दोन्ही टायर पुढे ओढले. त्यांच्या बाजूची रबरं खरवडलेली होती, पुन्हा पुन्हा, एकाच उंचीवर. "आणि ह्ये असे. ह्ये कालचं न्हाय. वर्षभराचं हाय." मग ते बाबांकडे वळले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "काका, डाव्या डोळ्यानं कसं दिसतंय?"

बाबा म्हणाले, "वयानुसार."

"उजव्यावर हात ठेवा बघू. समोर काय लिवलंय?"

रस्त्यापलीकडे सुपारीच्या दुकानाची मोठी लाल पाटी होती. बाबांनी हात ठेवला. मी वाट बघत राहिले. पस्तीस पोरांच्या वहीतली चूक बाकाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची या माणसाला.

"पाटी आहे," बाबा शेवटी म्हणाले. "लाल आहे."

त्यांनी हात खाली घेतला, खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. ठरलं होतं."

"चावी कशाला देताय?" विलासदादा म्हणाले. "मला डॉक्टरकी येत न्हाय. पण माज्या बापाचं असंच होतं. होडी धक्क्याला डावीकडूनच ठोकायचा. आम्ही चार भाऊ त्येच्याशी भांडलो, होडी विकायला काढली. मग कळलं, मोतीबिंदू. काढला. आता पुन्हा जातोय. डोळा दाखवा आधी, मग कोणाला काय द्यायचं त्ये द्या."

मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी त्याच दिवशी चावी घेतली असतीत."

घेतलीच असती. मला तिथे टायरांच्या ढिगाशेजारी इतकी लाज वाटली, की मी एसटी कधी येणार ते बघायला रस्त्यावर गेले. इतके दिवस मी आणि मंदार बाबांबद्दल फोनवर बोलत होतो. त्यांना काय दिसतं, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. टायर बघून एका परक्या माणसाने विचारलं.

नवा टायर दुपारी बसला. विलासदादांनी टायरचेच पैसे घेतले, बाकी तपासणीचं विचारलं तर हात हलवला. रविवारी म्हसळा-माणगावमार्गे मी गाडी आणली. बाबा शेजारी बसून रस्त्याकडे एका डोळ्याने बघत होते आणि माझे गियर चुकले की सुस्कारे टाकत होते.

सोमवारी डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला. पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. त्यानंतर गाडी चालवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मंदारला मी हे सांगितलं. तो म्हणाला, मी येतोय.

या सहलीतून काय उरलं, असं कोणी विचारलं तर सांगते. परवा संध्याकाळी गॅलरीत आम्ही चहा घेत बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, आणखी काय काय सांगितलं नाहीत? आताच सांगून टाका."

त्यांनी नुसती मान हलवली. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

बाबांनी कप खाली ठेवला. "डाव्या कानाचंही थोडं आहे," ते म्हणाले. "या बाजूने बोललीस की निम्मं ऐकू येत नाही. मी नुसती मान हलवतो."

मी उठले आणि माझी खुर्ची त्यांच्या उजवीकडे नेली.