गिरिजाक्कांची भेंडी

घरात भेंडी चिरली, की आजही माझं पित्त खवळतं. त्या ओल्या, हिरव्या वासासरशी मी थेट बसवनगुडीच्या शाळेत जाऊन पडतो, मी शिकवायचो त्या दुसरीच्या चित्रकलेच्या तासाला.

फळ्यावर मी असा हत्ती काढला होता, की बघून माहूत अंकुश घेऊन धावला असता. पण शेजारच्या वर्गात चित्रकलेच्याच बाई, गिरिजाक्का, चिरलेल्या भेंड्या रंगात बुडवून मुलांना ठसे मारायला देत होत्या. तिथला हशा पार शहराबाहेर देवनहळ्ळीपर्यंत पोचत असणार. माझा अख्खा वर्ग खिडकीकडे माना वळवून बसलेला.

"सर, मी अक्कांकडे जाऊ?" माझी लाडकी अनु म्हणाली.

"का गं? माझा हत्ती वाईट आहे?"

"छान आहे. पण तो तुमचाच आहे ना!"

"सरी, ठीक आहे, जा," मी दातओठ खात म्हटलं आणि मागोमाग त्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अनुने ठशांचा हत्ती केला. पाच पायांचा.

"अगं, हा पाचवा कशाला?" अक्कांनी विचारलं.

"जास्तीचा. एक दमला की वापरायला."

तेव्हा वाटलं, मी अक्कांवर जळतोय. आता कळतं, मी जळत होतो त्या पाचव्या पायावर. तसला पाय मला सात जन्मांत सुचला नसता.