आत्याच्या कॅमेऱ्यातला पाव्हना

पप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसमध्ये होते. "ताई गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" … खरंच विचारलं. माझी आत्या कायम कुठेतरी गेलेलीच असायची. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून एसटीने अंबडला, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून अंतरवालीला, कुणाच्या मळ्यावर, कुणाच्या वस्तीवर. "ताई गेली गं," पप्पा पुन्हा म्हणाले, तेव्हा मला कळलं. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. "काही त्रास झाला नाही तिला," हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि मी "हो पप्पा, हो" म्हणत राहिले. त्याला आता काही आठवडे झालेत. मला तिची आठवण येते तेव्हा रडू येतंच असं नाही. बऱ्याचदा हसूच येतं, आणि त्याचं कारण सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. वडीगोद्रीच्या शाळेत तिने नोकरीभर विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिली. एकटीच, पण घरात कुणी ना कुणी बसलेलं असायचं. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं. निवृत्तीनंतर तिने एक काम स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं, ते म्हणजे म्हाताऱ्या बायकांचे फोटो काढणं. आमच्याकडे कुणी वारलं की भिंतीवर लावायला फोटो सापडत नाही. मग आधार कार्डावरचा मोठा करून आणतात, आणि त्यात माणूस पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. आत्याला ते बघवत नसे. "मेल्यावर शोधाशोध करण्यापरीस जित्तेपणी काढा की," ती म्हणायची. लिंबाखाली बाजेवर म्हातारीला बसवायची, मागे मोकळं आभाळ, आणि सुना, सांधे, शेरडं अशा गप्पा मारत राहायची. फोटो काढायचा आहे हे म्हातारी विसरली, की खट्. कॅमेरा जुना, रोलवाला, नोकरीच्या सुरुवातीला घेतलेला. मी एकदा म्हटलं, फोनवर काढ ना, सोपं पडेल. ती म्हणाली, "फोन समोर धरला की बाया फोनकडं बघतात. कॅमेरा डोळ्याला लावला की माझ्याकडं बघतात."

एकदा मोटारसायकल खड्ड्यात आदळली आणि कॅमेरा रस्त्यावर पडला. त्याची मुख्य लेन्स वाचली, पण व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून बघायच्या छोट्या खिडकीची, पुढची काच फुटली. आत्याने जालन्याहून दुसऱ्या एका जुन्या कॅमेऱ्याची काच मिळवून तिथे बसवली. फोटो पूर्वीसारखेच स्वच्छ येत होते. पण मागे आभाळ उजळ असलं, की खिडकीत मधोमध पांढुरकी कोर दिसू लागली… चंद्रकोरीसारखी, नेमकी समोरच्या माणसाच्या तोंडावर. आणि त्याच सुमाराला डॉक्टरांनी तिला काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली जेवढी टिकेल तेवढी टिकेल.

तिने हे मला फोनवर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "जेवढी नजर उरलीय तेवढी मला माणसांच्या तोंडाकडं बघण्यात घालवायचीय. आन् बराबर तोंडावरच ही कोर येऊन बसून राह्यली. त्यात काचबिंदूनं मला दिव्याभोवती वेगळीच कडी दिसतात. कोणता उजेड कॅमेऱ्यातला अन् कोणता माझ्या डोळ्यातला, मलाच कळंना. तू ये. तुझा डोळा पाहिजे मला."

मी तेव्हा घरून काम करत होते, जालन्यात. माझं कामच हे आहे: गाड्यांना जे कॅमेरे बसवतात त्यांच्या लेन्समध्ये असला भटका उजेड कुठून येतो ते कॉम्प्युटरवर शोधायचं. आम्ही त्याला 'घोस्ट' म्हणतो. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "भूत? ते नाव इथं घेऊ नको, एक म्हातारी फोटोला बसायची न्हाई. पाव्हना म्हण. न बोलवता येतो, बरोबर मधी बसतो, आन् जा म्हणता येत न्हाई."

मग दर रविवारी मी बसने वडीगोद्रीला जाऊ लागले. ती कॅमेऱ्याची खिडकी उघडायची, काहीतरी करायची, बंद करायची, आणि मी डोळा लावून बघायचे. माझी एक सवय आहे. कुणी काही विचारलं की मी "ठीक आहे" म्हणते. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी 'फाइन' म्हणायचे, त्याचंच हे मराठी. आत्याला ते चालेना.

"ठीक हाय म्हंजे? पाव्हना हाय का गेला?"

"आहे, पण थोडासा…"

"थोडासा कुठं? वर, खाली? फिक्का झाला का बारीक झाला? मिता, तू माझ्यावर उपकार करायला आली न्हाईस. दिसतंय ते सांग, मला वाईट वाटंल का न्हाई ते मी बघते."

त्यामुळे मी जन्मात पहिल्यांदा, समोरच्याला न आवडणारी गोष्ट तपशीलवार सांगायला शिकले. "अजूनही आहे." "उजवीकडे सरकला." "आता दोन झाले."

पहिला उपाय तिचा होता. खिडकीची आतली भिंत चमकते, ती काळी केली पाहिजे, आणि काळं म्हणजे तिच्या मते काजळ. घरी धरलेलं, तूप घातलेलं. पहिला दिवस बरा गेला. पण आमच्याकडचा उन्हाळा… दुसऱ्या रविवारपर्यंत काजळ वितळून काचेवर आलं होतं, आणि तिथून ज्याने डोळा लावला त्याच्या डोळ्याला. आत्याच्या शेजारच्या कौसाबाई, ज्या रोज शेरडं चारून आल्या की चहाला यायच्या, त्या "मला बी बघू द्या बाई" म्हणून बघून गेल्या आणि एका डोळ्यात काजळ घालून गावभर हिंडल्या. संध्याकाळी परत येऊन म्हणाल्या, "बाई, या वयात माझी दृष्ट काढायची वेळ आणलीत की!" आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मग काजळ पुसून ब्लाउजच्या काळ्या मखमलीचा तुकडा आत चिकटवला. त्याने धुरकटपणा गेला, कोर गेली नाही. जाणारही नव्हती, हे मला तोवर कळलं होतं. मी कागदावर काढून दाखवलं: येणाऱ्या उजेडातला थोडा डोळ्याजवळच्या काचेवरून मागे फिरतो, पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर आदळतो आणि पुन्हा डोळ्याकडे येतो. जुन्या काचेचा बाक असा होता की हा परतलेला उजेड पातळ पसरून जायचा, जाणवायचा नाही. नव्या काचेचा बाक त्याला गोळा करून एका जागी आणतो. समोरच्या माणसाकडून येणारा उजेड ज्या वाटेने येतो त्याच वाटेने तो येतो, म्हणून मखमल त्याला अडवू शकत नाही.

आत्याने कागद हातात घेतला. एका बाजूचं दिसेना म्हणून मान जराशी वळवून बघितला. "मंग मारायचा न्हाई त्याला," ती म्हणाली. "वाट बदलायची."

कॉम्प्युटरवर मी तेच केलं होतं. डोळ्याजवळची काच किंचित तिरकी केली तर परतणारा उजेड डोळ्यात न येता बाजूच्या भिंतीवर जातो, आणि तिथे आत्याची मखमल त्याला गिळते. किती तिरकी, हे आम्हाला हातानेच शोधावं लागलं. थेंबांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून काचेच्या एका कडेखाली सारायचा, बघायचं, ब्लेडने तासायचा. जास्त झाला तर कौसाबाईंचं घर कलंडलेलं दिसे. कमी झाला तर कोर परत. शेवटी एका रविवारी आत्याने डोळा लावला आणि म्हणाली, "न्हाई दिसत."

मी बघितलं. दिसत होता. अगदी फिक्का, पण होता.

"मला बिलकुल दिसत न्हाई."

"आत्या, आहे. डावीकडे खाली."

सुरुवातीच्या रविवारी मी मान्य करून टाकलं असतं. आता आम्ही दोघी भांडायला लागलो. कौसाबाई आल्या, तर कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं. "कुठं काय? मला तं माझी शेरडं दिसून राह्यली. ती पांढरी बघा, चालली बाईंच्या मेथीत!" आणि कॅमेरा माझ्या हातात टाकून पळाल्या. आत्या माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मिता, चष्मा काढ." मी काढला. सगळं धूसर झालं, पण तो डाग नव्हता. उजेड माझ्या पाठीमागून येऊन माझ्याच चष्म्याच्या काचेवरून डोळ्यात शिरत होता. "तो तुझा पाव्हना हाय," आत्या म्हणाली. "माझा गेला."

आनंदाच्या भरात तिने तिथूनच मम्मीला फोन लावला. नेटवर्क नेहमीसारखं अर्धवट. "सुनीता! पाव्हना गेला! एकदाचा गेला बघ!" आणि फोन कट. आता त्याच आठवड्यात आमच्या घरी मला बघायला पाहुणे येऊन गेले होते. मुलाचे आजोबा सगळा वेळ खोकत होते. मम्मीने दोन आणि दोन चार केले. ताईंना 'एकदाचा' म्हणायला काही वाटलं नाही का, असं पुटपुटत तिने डोक्यावर पदर घेतला आणि सांत्वनाला त्या घरी फोन लावला. फोन आजोबांनीच उचलला.

ते स्थळ पुढे सरकलं नाही. मला फार वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. मम्मी महिनाभर आत्याशी फोनवर बोलली नाही, आणि नंतर ही गोष्ट तीच सगळ्यांना सांगू लागली, आजोबांच्या खोकल्यासकट.

आत्याला पुढचा हिवाळा मिळाला आणि त्याच्या पुढचा उन्हाळाही. वडीगोद्री, अंतरवाली, आसपासच्या वस्त्या… तिने मनासारखी माणसं बघितली. फोटोत नव्हे, त्या खिडकीतून; मी तिच्या शेजारी उभी राहून तिला बघताना बघितलंय. ओठ थोडे उघडे, श्वास धरलेला. मग मधली नजरही विरत गेली, एका कडेला थोडी उरली. तिने फोटो काढणं थांबवलं, कुरकुर न करता. एक दिवस कॅमेरा माझ्या हातात देऊन लिंबाखाली बाजेवर जाऊन बसली. "काढ माझा."

"आत्या, माझ्याकडे बघ."

"बघूनच राह्यले की," ती म्हणाली. तिची नजर माझ्या खांद्याच्या बाजूला होती. तिथूनच तिला मी दिसत होते. मी खट् केलं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तोच फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने स्क्रीनवर तिचा चेहरा मोठा केला आणि म्हणाला, "मॅडम, नजर जरा बाजूला चालली. सरळ करून देतो, एकदम बराबर समोर." मम्मी आणि पप्पा दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"नको," मी म्हटलं. "तिला तिथूनच दिसायचं."

फोटो वडीगोद्रीच्या घरात, पुढच्या खोलीत लावला आहे. समोर बसलेल्या कुणाकडेच ती बघत नाही. नजर बाजूने जाते ती थेट दारावर. परवा मी तिथेच बसले होते. कौसाबाई आल्या, उंबऱ्यातून एक पाय आत टाकला, वर बघितलं आणि थबकल्या. तळहाताने तोंड पुसलं. केस कानामागे सारले, पदर सरळ केला. आणि क्षणभर तशाच, हनुवटी जराशी वर करून, उभ्या राहिल्या.