राणीची खोली

माझे वडील धम्मपाल, म्हणजे आमचे आप्पा, मोजणी खात्यातून रिटायर झाले आणि जादूच्या राज्यावर कादंबरी लिहायला बसले. सिडकोतल्या आमच्या गल्लीला वाटलं, माणूस कामातून गेला. पण राज्य जादूचं असलं तरी आप्पा मोजणीवालेच. घोडा उडवण्याआधी त्याचा चारा कुठून येतो ते ठरवणार. पिशोर-सिल्लोडचे बांध मोजण्यात हयात गेली, म्हणून त्यांचे राक्षससुद्धा हातभर बांधावरून भांडतात. वाचताना पटतं.

त्यांची पहिली वाचक माझी आई, सुलेखा. "अहो, त्या गावात दळण कुठं दळतेत?" असं खोडसाळ काहीतरी विचारायची. आप्पा गुपचूप एक गिरणी घालायचे.

मागच्या वर्षी आई गेली. आप्पा रडले नाहीत. लोक म्हणाले, मन घट्ट आहे. ते चहा पितात, पेपर वाचतात, हॉलमध्ये झोपतात. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. राणी युद्धावरून घरी परत येते, असा शेवट करायचा शब्द त्यांनी आईला दिला होता. सहा वेळा लिहिलं, सहा वेळा फाडलं.

सातव्यांदा मला वाचायला दिलं. फटकळपणा मला आईकडूनच मिळालाय. "आप्पा, राणी आली खरी, पण तिची खोलीच दिसत नाय. खोटं वाटतंय."

आप्पांनी उठून टेप आणली. मोजणीला दोन माणसं लागतात. एक टोक माझ्या हातात दिलं आणि वर्षभर बंद असलेलं आईच्या खोलीचं दार उघडलं.

आत पलंग नव्हता. आई गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी तो देऊन टाकला होता, त्यांना न विचारता. म्हटलं, डोळ्यांसमोर नको. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग तेवढे उरले होते.

आप्पा खाली बसले आणि डागापासून डागापर्यंत टेप लावली. सहा फूट दोन इंच. खिडकीपासून दीड फूट. वहीत आकडे लिहिले. चेहरा बांध मोजताना असायचा तसाच.

"आप्पा, माझं चुकलं."

"टोक नीट धर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रकरण पुरं झालं. त्यातल्या खोलीत पलंग नाही, चार डाग आहेत. राजा रोज तिथं पाण्याचा तांब्या भरून ठेवतो. राणी येत नाही.

"आता खरं वाटतं का गं?" आप्पांनी विचारलं.

वाटत होतं. पण मला 'व्हय' म्हणवेना.