अब्राच्या धक्क्यावरचं ‘येतंय हां’

भूत, पिशाच, देवचार यातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. वेंगुर्ल्याजवळच्या गावात वाढलो, म्हणजे लहानपणी दर तिन्हीसांजेला कुणाला ना कुणाला काहीतरी दिसायचंच. माझे वडील म्हणायचे, ज्यांना कामं नसतात त्यांना दिसतं. माझंही तेच मत होतं आणि बऱ्याच अंशी आजही आहे. त्यामुळे म्हातारपणी या भुताखेतांच्या सदरात लिहायची पाळी यावी याचा मलाच वैताग आलाय.

आणखी एक. कृपा करून खाली ‘काका, तुम्ही थकला असाल’ असं कोणी लिहू नका. माझा डॉक्टर मित्र ‘भास’ म्हणून मोकळा झालाय. मुलगा म्हणतो, "बाबा, it was just noise." एका ओळखीच्या ज्योतिषाने तर मला पितृदोष लावला — माझे पितर बिचारे दुबईला कधी गेले होते?

तर ऐका.

मी नोकरीची सगळी वर्षं दुबईत काढली. देअराच्या बाजूला, अल रासच्या गल्ल्यांत, एका शेठच्या चहाच्या गोदामात होतो. सिलोन, केनिया, आसाम — खोकी यायची, आम्ही चव घेऊन मिश्रणं ठरवायची, पॅकिंग करायचं आणि माल इराण-इराकपासून कुठेकुठे जायचा. वाळवंटात चहाचं एक झुडूप नाही, पण चहाचा मुलूख म्हणाल तर तोच! कुठल्याही कॅफेटेरियाबाहेर गाडीचा हॉर्न वाजवा, मल्याळी पोरगा कप घेऊन हजर.

आमच्या मराठी मंडळाला ही कल्पना आवडली. दोन हजार सालाच्या आगेमागे, थंडीच्या दिवसांत, मी त्यांना एक संध्याकाळची फेरी घडवायचो. बस्तकियातली वारा पकडून घरात सोडणाऱ्या मनोऱ्यांची जुनी घरं, तिथल्याच एका कोपऱ्यावर सुलेमानी म्हणजे बिनदुधाचा चहा, मग किल्ला, कापडबाजार, अब्रा म्हणजे ती लाकडी होडी, तिच्यातून खाडी ओलांडून देअरा, आणि शेवटी आमचं गोदाम. तिथे मी चमच्याने फुर्रकन चहा ओढून दाखवायचो, बायका हसायच्या, मुलं दहा वेळा करायला लावायची. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. त्या एका संध्याकाळी मी कोणीतरी असायचो.

बाकी फेरी म्हणजे डोकेदुखी. शारजाहून निघालेली माणसं ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा यायची. आल्या आल्या बाथरूम कुठे. मी शंभर वर्षांच्या भिंतीबद्दल सांगतोय आणि मागे अल नहदातल्या फ्लॅटच्या भाड्याची चर्चा. मुलं, "Daddy, this is so boring." एकदा तर एका गृहस्थाने मनोऱ्याकडे बघून विचारलं, "यात एसी कुठे बसवलाय?" अहो, तोच एसी!

त्या वर्षी वैशाली पहिल्यांदा आली. अल नहदाला राहायची, शारजात एका शाळेत केजीला शिकवायची. नवरा महेश ऑफिसातून परस्पर देअराला येणार होता. तिच्यासोबत चार वर्षांची रिया आणि सासरे. तात्या. व्हिजिट व्हिसावर कुडाळहून आलेले. पांढरा शर्ट, पायात नवे बूट, चाल जराशी ओढत.

सुलेमानी पिताना मी त्यांच्याशी आपला गाववाला म्हणून बोलायला गेलो. "काय तात्यानु, चाय कशी लागली?" उत्तर नाही. परत विचारलं. माझ्याकडे बघितलं, हसल्यासारखं केलं, आणि बशी तोंडाला लावली. मी मनात म्हटलं, माजोरी म्हातारा दिसतोय. कुडाळचा, म्हणजे असणारच.

तेवढ्यात रियाला बाथरूमला जायचं झालं. वैशाली माझ्याजवळ आली. "काका, मी हिला घेऊन त्या बाजूच्या मशिदीतल्या बाथरूमला जाते, तिथून बाकीच्यांना गाठते. तात्यांकडे जरा बघाल? ते तुमच्यासोबतच चालतील."

मी म्हटलं, "हो हो."

हे वाक्य मी इथे मुद्दाम वेगळं लिहिलंय.

शेठने गोदाम उघडं ठेवायला कबूल केलं होतं, पण इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजापर्यंतच. त्यामुळे मी घाईत. "यल्ला, चला, चला!" करत सगळ्यांना किल्ल्यावरून, कापडबाजारातून पिटाळलं. वैशाली मध्येच मुलीला घेऊन धापा टाकत येऊन मिळाली आणि बायकांच्या घोळक्यात शिरली. धक्क्यावर ही गर्दी. पाकिस्तानी, बंगाली, सायकलवाले, कामावरून परतणारे. होडीवाला ओरडतोय. मी एक पाय होडीत, एक पाय धक्क्यावर ठेवून आमची माणसं आत ढकलतोय, आणि तेव्हा डोक्यात आलं, अरे, तात्या?

तेव्हाच माझ्या डाव्या खांद्यामागून, अगदी जवळून, आवाज आला. "येतंय हां."

स्पष्ट. मालवणी. घाई नाही, तक्रार नाही. मी मान वळवली नाही. मला वाटलं, चला, म्हातारा मागेच आहे, बोलला एकदाचा. मी म्हटलं, "येवा, येवा, सावकाश येवा," आणि आत उडी मारली.

शेजारी आमचा लोपीस बसला होता. वसईचा, हॉटेलात कामाला, तोंडाने फटकळ. म्हणाला, "कोणाला रे आमंत्रण देतोस? होडी बुडेल."

"तात्यांना," म्हटलं. इंजिन सुरू झालं होतं. त्याला ऐकू गेलं नसावं.

आमची माणसं दोन होड्यांत विभागली होती. मी धरून चाललो की तात्या मागच्या होडीत आहेत. पलीकडे उतरलो, मागची होडी आली, रिकामी झाली. महेश धक्क्यावर उभाच होता, टाय सैल करून.

"बाबा कुठायत?"

वैशाली म्हणाली, "नाईककाकांबरोबर." आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलंच होतं. आत्ताच तर मला म्हणाले, असं सांगणार होतो. पण त्याआधीच महेश तिच्यावर ओरडला. "काकांबरोबर म्हणजे? तुला माहितीये ना, त्यांना हाकसुद्धा मारता येत नाही! लकव्याचा अटॅक आल्यापासून तोंडातून एक शब्द फुटलेला नाही, आणि तू त्यांना गर्दीत सोडून दिलंस?"



वैशाली रडकुंडीला आली. "मी सोडलं नाही. मी काकांना सांगितलं होतं. काका, सांगा ना, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता मी काय सांगायला हवं होतं? की हो, माझ्यावर सोपवलं होतं, पण ते मागे आहेत असं त्यांनीच मला सांगितलं? जो माणूस बोलू शकत नाही त्याने? कोण ऐकून घेणार होतं? लोक म्हणाले असते, नाईक स्वतःची चूक झाकायला मुक्या माणसाच्या तोंडी वाक्य घालतोय. आणि खरं सांगू, मला त्या वेळी तिच्या काळजीपेक्षा त्या आवाजाची भीती जास्त वाटत होती.

मी म्हटलं, "मला नाही बाई ऐकू आलं. गडबडीत होतो मी."

वैशालीने मान खाली घातली, बस.

आम्ही परत खाडी ओलांडली. तात्या सापडले, सुलेमानी प्यायलो त्याच कॅफेटेरियात. पायरीवरून घसरले होते. मल्याळी मालकाने त्यांना दुधाच्या क्रेटवर बसवून कमरेला बर्फ लावला होता आणि तो माझ्यावरच भडकला. "तुम लोग निकला, ये उधर ही गिरा! मैं कितना चिल्लाया, कोई पीछे देखा नहीं! बुड्ढा आदमी को ऐसा छोड़ता है क्या?"

मी विचारलं, "निकला तभी गिरा? बाद में इधर-उधर गया नहीं?"

"अरे किधर जाएगा? पैर उठता नहीं उसका!"

म्हणजे तात्या धक्क्यापर्यंत पोचलेच नव्हते. किल्ला नाही, कापडबाजार नाही. मी ‘येवा’ म्हणत होतो तेव्हा ते तिकडे, क्रेटवर, कमरेला बर्फ लावून बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि परत ते मघासारखं हसल्यासारखं केलं. मी नजर चुकवली.

कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तात्या पुन्हा चालले नाहीत. त्यांना कुडाळला न्यायचं ठरलं आणि सांभाळायला कोण, तर वैशाली. महेशची बहीण फोनवर म्हणाली म्हणे, "जिने पाडलं तिनेच उचलायचं." नोकरी सोडली, मुलगी घेतली, गेली. निघताना आमच्याकडे निरोप घ्यायलाही आली नाही. का येईल?

लोपीसला मी नंतर एकदा विचारलं. "धक्क्यावर तू आवाज ऐकलास का रे?"

"तुझाच ऐकला. ‘येवा, येवा.’ मला वाटलं, होडीवाल्याला मालवणी शिकवतोयस."

"माझ्या आधी कोणी बोललं नाही?"

"नाईक, तू बदली घे. तुला चहा चढायला लागलाय."

आता एक गोष्ट, जी आमच्याकडच्यांनाच कळेल. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. अपशकुन. ‘येतो’च म्हणायचं, आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं. धक्क्यावर मी ते ‘येतंय’ सरळ घेतलं, की मागून येतोय. पण तो निरोप असला तर? तर मी काहीच न बघता ‘येवा’ म्हणून निरोप दिला. बरं, निरोप म्हणावा तर माणूस गेला नव्हता, त्यानंतर आठ वर्षं अंथरुणावर जगला. म्हणजे तेही धड बसत नाही. कितीदा घोळवलं डोक्यात... प्रत्येक अर्थाचं एक टोक बाहेर राहतं.

रिटायर होऊन मी वेंगुर्ल्याला परतलो. कुडाळ किती लांब? तरी कुडाळला जायचं टाळत राहिलो. तात्या वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही गेलो. मध्ये एकदा धीर करून महेशला फोन लावला. तो आता जुमेरा लेक टॉवर्समध्ये कुठल्याशा उंच मजल्यावर बसतो. "महेश, त्या संध्याकाळचं जरा बोलायचं होतं." तर म्हणाला, "काका, मीटिंगमध्ये आहे. आणि ते जुनं कशाला? झालं ते झालं, खलास." दुबईवाल्यांचं हेच, याला खलास, त्याला खलास! परत लावला तर उचलला नाही.

शेवटी गेल्या पावसाळ्यानंतर कुडाळला गेलोच. वैशाली तिथे बालवाडी चालवते. केस पिकलेत. मला ओळखलं, ‘या’ म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सोपवलेलं, माझं ‘हो हो’, तो आवाज, माझं खोटं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे जो बोलला नाही त्याचं तुम्हाला ऐकू आलं. आणि मी बोलले ते नाही."

मी म्हटलं, "हो."

"मला वाटायला लागलं होतं, मीच सांगितलं नसेल," ती म्हणाली. "कळतंय का तुम्हाला? इतक्या लोकांनी इतक्या वेळा म्हटलं, की मला वाटायचं, मी मनातच बोलले असेन."

मी बसलो. पायरीवरच. बराच वेळ ती आत भांडी आपटत होती. मग बाहेर आली. "कसा होता आवाज?"

"काय?"

"तात्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा गेलेला होता. आठ वर्षं सगळं केलं त्यांचं, एकदाही ऐकला नाही. कसा होता?"

मी म्हटलं, मोकळा होता. म्हाताऱ्याचा नव्हता. तिने म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, येतंय हां. तिने परत म्हणायला लावलं. मग वैतागून म्हणाली, "जाऊ दे काका. तुम्हाला नाही येत."

निघताना तिला म्हटलं, मी हे लिहीन. ती म्हणाली, "लिहा. पण लोक फक्त भुताचं वाचतील, बघा तुम्ही."

तर वाचकहो, भुताचं माझ्याकडे काही नाही. धक्क्यावर कोण बोललं, का बोललं, माझ्याशीच का, मला माहीत नाही, आणि या वयात आता कळेल असंही वाटत नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा. दुसऱ्या गोष्टीला मात्र उत्तर लागत नाही. महेश, तुला मंडळातलं कोणीतरी हे पाठवेलच, म्हणून नाव घेऊन लिहितो. तिने मला सांगितलं होतं. स्पष्ट, माझ्यासमोर उभी राहून. मी ऐकलं होतं आणि हो म्हटलं होतं.