राखण्या आणि आमचं इतिहास मंडळ

आमच्या मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं की आधी सत्काराच्या शाली अंगावर पडतात, मग दोन-तीन सुकलेले नारळ गडगडत येतात. इतिहास असा त्यात फारसा नाही, एका पातळ फायलीत मावतो. किस्से मात्र फायलीत मावत नाहीत. महिन्याला एक सभा आणि सभेला किमान दोन किस्से, असा आमचा वेग आहे. कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "ए, तुझ्या म्हाताऱ्यांचं काहीतरी सांग ना!" मी सांगते. त्या हसतात. हल्ली मला तितकंसं हसू येत नाही, तरी सांगते.

मंडळ बोईसरचं. सदस्य म्हणजे शाळेतून, कारखान्यातून, वीज प्रकल्पातून निवृत्त झालेली मंडळी. काम काय, तर मनोरच्या पलीकडच्या डोंगरपट्टीचा इतिहास जपायचा. मध्ययुगात या डोंगरांत छोटे छोटे राजे होते. किनाऱ्यावरच्या बंदरांतून माल बैलांवर लादून घाटाकडे जायचा आणि त्या वाटेवर नजर ठेवायला डोंगरमाथ्यावर गड असायचे. त्यांतलाच एक आसणगड. त्याच्यासाठीच मी मंडळात शिरले.

* * *

माझी निवड कशी झाली ते ऐका. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सरांनी चष्मा वर करून विचारलं, "शिक्षण?"

"इतिहासात एमए."

"वा वा वा!" सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मराठी टायपिंग येत असेल!"

त्याच सभेत मला सचिव करण्यात आलं. एकमताने!

* * *

मग ठरली आसणगडाची मोहीम. दोन जीपगाड्या, टोप्या, बॅनर, डब्यात थालीपीठं. पायथ्याला आसणपाडा लागतो. तिथे पोहोचल्यावर सगळ्यांनी मान वर करून गड पाहिला आणि सगळ्यांना एकदम आपापले गुडघे आठवले.

वर मी एकटीच गेले. सोबत पाड्यावरच्या जानीमावशी. वय साठीच्या पुढे, पायात चप्पल नाही आणि चढताना दमही लागत नाही. मी मधेच बसले की म्हणायच्या, "बस बस. डोंगर काय पलून जात नाय."

वर खडकात कोरलेली पाण्याची तीन टाकी आहेत. तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी! पाड्यावरच्या बाया आजही वैशाखात तेच पाणी नेतात. पश्चिमेला तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे समुद्राची बारीक रेघ. सातआठशे वर्षांपूर्वी इथे पहारा देणाऱ्याला चिमण्यांऐवजी शिडं दिसत असणार, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

धावतपळत खाली आले. मंडळी हायवेवरच्या ढाब्यावर, बॅनर धरून, गड मागे येईल असा फोटो काढत होती.

"सर, वर तीन टाकी आहेत! पायऱ्या आहेत!"

"छान! इतिवृत्तात घे. अध्यक्षांनी गडाची समक्ष पाहणी केली."

"पण सर, तुम्ही वर कुठे आलात?"

"अगं, इथून दिसतोय ना!"

* * *

आसणगडाचा खरा खजिना मात्र वर नाही, पायथ्याशी आहे. जानीमावशींच्या भाताच्या तुकड्याच्या बांधावर एक वीरगळ उभी आहे. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. कंबरेएवढी उंच, हिरव्या शेवाळाने माखलेली. खाली कोरलेल्या दोन गाई, मधे धनुष्य ताणलेला माणूस, त्याच्यावर पिंडीसमोर हात जोडून बसलेला तोच माणूस आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य.

हा वीर कोण, यावर आमच्याकडे तीन सभा झाल्या! सरांच्या मते तो डोंगरच्या राजाचा सेनापती. आमचे उपाध्यक्ष नाना एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मावळाच हाय तो! नजर बघा त्याची!"

"नाना, दगड मावळ्यांच्या कितीतरी आधीचा आहे," मी म्हटलं.

"मग आधीचा मावळा आसंल!"

बाकीच्या प्रत्येकाला तो आपापल्या आडनावाचा हवा होता. शेवटी मी कंटाळून जानीमावशींनाच विचारलं. त्या बांधावर बसून विळ्याला धार लावत होत्या.

"त्यो? त्यो आमचा राखण्या. चोरांनी ढोरां नेली, हा सोडवाया गेला. ढोरां आली, हा नाय आला. म्हनून दगुड."

"नाव काय त्याचं?"

"राखण्याच. नाव लिवाया तवा येत व्हतं कुनाला? जो मेला त्याचा दगुड, येवडं सगल्यांना म्हाईत."

दर वर्षी कापणीच्या आधी भाताचं पहिलं कणीस त्या राखण्यापुढे ठेवतात. मी हे सगळं सभेत वाचून दाखवलं. सर म्हणाले, "लोककथा म्हणून ठीक आहे. पण आपल्याला अभ्यासकाचं मत घ्यायला हवं."

तिथे एमए झालेली मी एकटीच होते.

* * *

मग खदान आली. आसणगडाच्या शेजारची टेकडी आधी गेली. दगड फोडून त्याची खडी, खडी भरून डंपर. पुढचा नंबर आसणगडाचा, हे पाड्यावरच्या शेळ्यांनाही कळलं होतं. गड सरकारच्या संरक्षित यादीत आला तरच खदान थांबणार होती. टाकी, वीरगळ, मावशींचा भाताचा तुकडा, सगळं त्या एका यादीवर येऊन थांबलं. मी मावशींना शब्द दिला, "मी गड यादीत आणते."

तातडीची सभा बोलावली. विषय पहिला, श्रद्धांजली. विषय दुसरा, सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त सत्कार समितीची स्थापना. तिसरा, शाल कोणत्या रंगाची. खदान नवव्या नंबरवर!

चौथ्या विषयावर माझा फोन वाजला. जानीमावशींच्या मुलीचा होता. मी मुद्दामच स्पीकरवर टाकला. ती काही बोलायच्या आत मागून 'धडाड्‌ धूम्‌' असा सुरुंगाचा आवाज आला, सगळ्या खोलीने ऐकला.

सर कौतुकाने म्हणाले, "कुणाकडे लग्न आहे वाटतं!"

खदानीचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत घेण्यात आला.

* * *

पुढच्या सभेची वाट कोण बघणार? मी एकटीच अर्ज घेऊन पालघरला गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज उलटासुलटा पाहिला.

"किल्ला कोणी बांधला?"

"डोंगरपट्टीतल्या एका राजाने. मध्ययुगात."

"बांधला याचा पुरावा?"

"साहेब, वर किल्ला आहे!"

"ते ठीक आहे हो मॅडम. पण त्या राजाचे कुणी वारस असतील तर त्यांचं ना-हरकत लागेल."

सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला मी त्या टेबलासमोर बसून रडले. लाजायचं काय त्यात, खरंच रडले. आणि पाहणीची तारीख मिळाली! पुढच्या गुरुवारी अधिकारी येणार, एक तास देणार.

मी सभेत सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी तर डोळे पुसले. "पोरी, तू जिकलीस! आता बाकीचं आमच्यावर सोड."

आणि मी सोडलं. माझी एक स्पर्धा परीक्षा होती, तीन दिवस ठाण्याला आत्याकडे गेले.

* * *

बुधवारी संध्याकाळी परत आले ती थेट आसणपाड्यावर. बांधाजवळ नाना हात मागे बांधून उभे. "ये ये ये! बघ, कसा नव्यासारखा केलाय!"

आयुष्यभर केमिकल कंपनीत काढलेला माणूस. शेवाळ दिसल्यावर त्याला काय सुचणार? ऍसिड! ओळखीच्या कंपनीतून कॅन आणला, तारेच्या ब्रशने दोन दिवस घासलं. शेवाळासोबत चंद्र गेला, सूर्य गेला, वीराचं नाक गेलं. मग गेलेलं परत आणायला बोईसरचा पेंटर बोलावला. तीन सभांचा वाद त्याने एका दुपारी मिटवला. मुकुट सरांच्या सेनापतीचा, मिशा नानांच्या मावळ्याच्या! धनुष्य त्याला कळलंच नसावं, त्याने तिथे तलवार काढली. आणि गाई? दुधाच्या पिशवीवर असतात तशा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या!

खाली सिमेंटचा नवाकोरा चौथरा. चौथऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर सोनेरी अक्षरात मंडळाचं नाव, चालू साल आणि सात पदाधिकाऱ्यांची नावं.

मी बांधावर मटकन बसले. नाना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भरून आलं ना? आम्हालापन आलं."

* * *

गुरुवारी अधिकारी आले. तरुण होते, चांगले होते, वहीत पेन्सिलने रेखाटनं करणारे. वीरगळीभोवती एक फेरी मारून त्यांनी मला हळूच विचारलं, "मूळ शिळा कुठे आहे?"

"हीच."

त्यांनी पुन्हा पाहिलं. पाटी वाचली. सालाशी येऊन थांबले.

"साहेब, प्लीज वर चला," मी म्हटलं. "टाकी बघा. अर्ध्या तासाचा चढ आहे, टाक्यांना कुणी हात लावलेला नाही!"

ते बूट आवळायला वाकलेही. तेवढ्यात आमच्या सरांनी त्यांचा दंड धरला. "आधी छोटासा सत्कार!"

छोट्याशा सत्कारात स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, सरांचं मनोगत आणि नानांचं मनोगत. मग माझ्याकडे बघून सर म्हणाले, "आभारप्रदर्शन सचिव करतील." एक तास दहा मिनिटं झाली होती. साहेबांच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मी आभार मानले.

दोन महिन्यांनी कागद आला. "सदर ठिकाणी अलीकडच्या काळात बसवलेली एक रंगीत शिळा आढळली. प्राचीन अवशेष आढळले नाहीत." सभेत वाचून दाखवला. नाना खाली मान घालून बसले, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. मला त्यांना ओरडायचं होतं, त्याची तयारीच करून आले होते. पण मी कागदाची घडी करून तो फायलीत ठेवला.

सरांनी घसा साफ केला. "बाकी 'रंगीत शिळा' म्हटलंय, म्हणजे काम त्यांच्या नजरेत भरलं म्हणायचं!"

* * *

आता शेवटचा किस्सा.

दसरा होऊन आठवडा झाला होता. मी मावशींना भेटायला गेले. माफी मागायची होती. गडाच्या उत्तरेच्या अंगाला खदानीचा पांढरा घाव दिसत होता. वरच्या टाक्यांना तडा जाऊन पाणी कधीच निघून गेलेलं. भात मात्र पिवळं धमक उभं होतं. पुढच्या साली तिथून डंपरचा रस्ता जाणार, म्हणजे हे शेवटचं.

मावशी पदरात कणसं घेऊन बांधाकडे निघाल्या होत्या. मी मागे मागे. त्यांनी एक कणीस मिशावाल्या राखण्यापुढे ठेवलं, हात जोडले. मग बोट काळ्या पाटीकडे केलं.

"हे काय लिवलंय गं? राखण्याचं नाव लावलं काय?"

"नाही मावशी. नावं आहेत. आमची. मंडळाची."

"वाच."

मी वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, तिघे सदस्य. सातवं वाचताना आवाज खाली गेला.

"ही तू?"

"हो."

मावशींनी पाटीवरून बोट फिरवलं. "किती जन म्हनलीस?"

"सात."

त्यांनी पदरातून सात कणसं मोजून काढली. एकेका नावाखाली एकेक ठेवत गेल्या, राखण्यापुढे ठेवलं होतं तसंच, दोन्ही हातांनी, डोकं टेकवून. शेवटचं माझ्या नावाखाली. मी "मावशी, नको ना," म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही.

तेवढ्यात खदानीचा भोंगा वाजला. सुरुंगाच्या आधी वाजतो तो, माणसांनी लांब जावं म्हणून. मावशींनी शांतपणे पदर खोचला, विळा उचलला आणि पाड्याच्या दिशेने चालू लागल्या. मीही धावत सुटले.

मावशी वळून म्हणाल्या, "तू कशाला पलते? तुजं नाव तर थितं लिवलंय!"